मांगात जपान शोधायचा असेल, तर कथेच्या मागे बघा

प्रश्न असा आहे: मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचून जपानी समाज कसा बदलत गेला हे खरंच कळतं का, की ती नुसती करमणूक? आणि कळत असेल, तर नेमकं कुठे बघायचं? विचारणारी विद्यार्थिनी जपानी शिकते आहे आणि लहानपणी हिंदीत डब केलेले डोरेमॉन आणि शिनचॅन बघत वाढली आहे. मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवते, अनुवाद करते आणि वर्गात मांगा भरपूर वापरते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कळतं, पण सरळ वाचून नाही. 'मांगा म्हणजे जपानी समाजाचा आरसा' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून येतं की खरं वाटायला लागतं. मांगा हा विकायचा माल आहे. तो साप्ताहिकांत आणि मासिकांत छापला जातो आणि प्रत्येक अंकाचा वाचक ठरलेला असतो: शाळकरी मुलगे, शाळकरी मुली, नोकरदार पुरुष, तिशीतल्या बायका. 'शोनेन जम्प' या मुलग्यांच्या साप्ताहिकात तर प्रत्येक अंकासोबत वाचकांसाठी एक कार्ड असतं. आवडलेल्या तीन गोष्टी लिहून पाठवायच्या. सलग काही आठवडे खाली राहिलेली मालिका बंद होते, दहाएक आठवड्यांतसुद्धा. त्यामुळे कथेत दिसतो तो समाज नसतो, त्या वाचकाला त्या वर्षी काय हवं होतं ते असतं. आणि चित्रकाराने ज्याच्याकडे फारसं लक्ष न देता हात चालवलेला असतो तिथे, म्हणजे मागच्या रस्त्यावर, स्वयंपाकघरात, बापाच्या पगाराच्या पाकिटात, खरा काळ सापडतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून वाचलं की मांगा इतिहासाचं उत्तम साधन होतं. एकत्र केल्या की सामुराई, रोबो आणि शाळेचे गणवेश एवढंच हाती लागतं.

सगळं एका उत्तरात मावणार नाही. म्हणून मी एकच धागा धरते: नोकरी करणारा माणूस आणि त्याचं घर.

तुमच्या ओळखीच्या डोरेमॉनपासूनच सुरू करू. पहिली गोष्ट 1970 च्या जानेवारी अंकांत आली, तीही शोगाकुकान प्रकाशनाच्या इयत्तावार निघणाऱ्या मुलांच्या मासिकांत. नोबिता आणि जियान ज्या मोकळ्या प्लॉटवर खेळतात तिथे सिमेंटचे तीन पाइप रचून ठेवलेले असतात. ते कथेसाठी ठेवलेले नाहीत. त्या काळात टोकियोच्या उपनगरांत ड्रेनेजच्या लाइनी टाकायचं काम जोरात होतं आणि रिकाम्या प्लॉटवर असं सामान पडलेलं असणं ही रोजची गोष्ट होती. आजच्या जपानी मुलाने असा प्लॉट बहुधा फक्त डोरेमॉनमध्येच पाहिलेला असतो.

त्याच पहिल्या गोष्टीत नोबिताच्या नातवाचा नातू भविष्यातून येऊन त्याला फोटोंचा अल्बम दाखवतो. 1988 मध्ये नोबिताला कुठेच नोकरी मिळत नाही, म्हणून तो स्वतःची कंपनी काढतो. 1993 मध्ये कंपनी जळून खाक होते. 1995 मध्ये दिवाळं निघतं आणि देणेकरी दारात उभे राहतात. 1970 च्या वाचकासाठी हा विनोद होता, कारण अर्थव्यवस्था धावत होती आणि बुडणार तो फक्त आळशी पोरगा. प्रत्यक्षात काय झालं? 1988 हे जपानी अर्थव्यवस्थेच्या फुगवट्याचं ऐन वर्ष, जमिनी आणि शेअरचे भाव बेसुमार चढलेले. कंपन्या पदवीधरांच्या मागे लागल्या होत्या, त्या वर्षी नोबितालासुद्धा नोकरी लागली असती. आणि 1995 पर्यंत फुगा फुटून नोकरभरती इतकी गोठली होती की त्या काळाला जपानीत 'नोकऱ्यांचा हिमयुग' अशाच अर्थाचं नाव आहे. मन लावून अभ्यास केलेली मुलंसुद्धा कंत्राटी कामावर लागली. चित्रकार ज्योतिषी नव्हता, तारखांचा हा निव्वळ योगायोग. पण 'मेहनत कर म्हणजे तुझं असं होणार नाही' हा त्या गोष्टीचा गृहीत आधार पंचवीस वर्षांत कसा निखळला, ते या एका पानावर मी वर्गाला दाखवू शकते.

आता थोडं मागे. हासेगावा माचिको यांची 'साझाए-सान' ही चार चौकटींची पट्टी 22 एप्रिल 1946 ला फुकुओकाच्या एका सायंदैनिकात सुरू झाली. त्याच्या बारा दिवस आधी जपानी बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं होतं आणि 39 स्त्रिया निवडून आल्या होत्या. नायिका धांदरट, मोठ्याने हसणारी, भावंडांवर ओरडणारी. युद्धाआधीच्या आदर्श मुलीशी तिचं काही जुळत नाही. सुरुवातीच्या पट्ट्यांत रेशन आहे, रांगा आहेत, जळणाची टंचाई आहे. साझाए आणि तिचा नवरा मासुओ तिच्या माहेरी का राहतात याचं कारणही तिथलंच. मासुओने जळणासाठी घरमालकाचं कुंपण कापलं आणि मालकाने दोघांना घराबाहेर काढलं. (मासुओ घरजावई वाटतो, पण कागदोपत्री नाही, त्याचं आडनाव वेगळंच राहिलं.) पुढे ही पट्टी 'आसाही शिंबुन' या मोठ्या दैनिकात गेली आणि 1974 पर्यंत चालली. तिच्यावरची टीव्ही मालिका 1969 पासून दर रविवारी संध्याकाळी लागते, अजूनही.

साझाएचे वडील नामिहेई 54 वर्षांचे आहेत. टकलावर एक केस, घरी आल्यावर किमोनो, आजोबाच म्हणावेत असे. आजच्या जपानी प्रेक्षकाला हे वय ऐकून धक्का बसतो. पण त्या काळी निवृत्तीचं वय 55 होतं. म्हणजे नामिहेई निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा म्हातारा आहे आणि चित्र अगदी बरोबर आहे. आज 65 पर्यंत काम द्यायची जबाबदारी कायद्याने कंपन्यांवर आहे आणि 2021 पासून 70 पर्यंत संधी देण्याचा प्रयत्न करा असंही सांगितलेलं आहे. मालिका तशीच राहिली, समाज पुढे गेला. तीन पिढ्यांचं, दाराला कुलूप नसलेलं घर आता रविवारच्या अर्ध्या तासापुरतं उरलं आहे. ती संपली की उद्या सोमवार, या जाणिवेने येणाऱ्या उदासीलाही जपानी लोकांनी साझाए-सानचंच नाव दिलं आहे.

साठच्या दशकात मांगाचा कणा म्हणजे मेहनत. 1966 मध्ये 'क्योजिन नो होशी' सुरू झाली: मजुरी करणारा बाप पोराला मारझोड करून, अंगावर स्प्रिंगांचा पट्टा चढवून बेसबॉलचा पिचर बनवतो, कारण त्याचं स्वतःचं स्वप्न अपुरं राहिलं आहे. 1968 मध्ये 'आशिता नो जो' आली: टोकियोच्या सान्या भागातल्या रोजंदारी मजुरांच्या वस्तीतला अनाथ मुष्टियोद्धा. तेच वर्ष जपान राष्ट्रीय उत्पन्नात पश्चिम जर्मनीच्या पुढे गेल्याचं. म्हणजे देश श्रीमंत होत असताना वाचक गरिबाच्या घामावर जीव टाकत होते. जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी कथेत मेला तेव्हा 24 मार्च 1970 ला प्रकाशकाच्या इमारतीत त्याचा खरोखरीचा अंत्यविधी झाला आणि शेकडो वाचक आले. आठवड्याभराने 'सेकिगुन-हा' (रेड आर्मी फॅक्शन) या जहाल डाव्या गटाच्या तरुणांनी विमान पळवून उत्तर कोरियाला नेलं आणि जाहीर केलं की 'आम्ही उद्याचे जो आहोत'. मजुराच्या पोराची गोष्ट विद्यापीठातली मुलं आपली म्हणून वाचत होती हे समजल्याशिवाय ते वाक्य कळत नाही.

इथे एक खरा मुंबईचा दुवा आहे. डिसेंबर 2012 मध्ये 'क्योजिन नो होशी'वर बेतलेली 'सूरज: द रायझिंग स्टार' ही ॲनिमेशन मालिका भारतात दाखवली गेली. बेसबॉलऐवजी क्रिकेट, टोकियोऐवजी मुंबईची झोपडपट्टी, आणि अंगावरच्या स्प्रिंगांऐवजी सायकलच्या ट्यूब. जपानी निर्मात्यांचा हिशेब असा की आजचा भारत म्हणजे साठच्या दशकातला जपान: अर्थव्यवस्था वर चाललेली आणि मेहनतीवर लोकांचा विश्वास. मालिका इथे किती जणांना आठवते कोण जाणे. पण जी गोष्ट जपानमध्ये आता कोणी नव्याने लिहिणार नाही ती दुसऱ्या देशाला पाठवावीशी वाटणं, यातच जपान केवढा बदलला ते आलं. 2018 पासूनची 'ब्लू लॉक' बघा. तीनशे तरुण फुटबॉलपटूंना एका ठिकाणी कोंडून शिकवलं जातं ते हे की संघ विसरा, अहंकार वाढवा, गोल तुम्ही मारा. बाप कुठेच नाही.

आता माझा आवडता भाग, कचेरीतला माणूस.

हिरोकाने केनशी यांनी 1983 मध्ये कोदान्शा प्रकाशनाच्या 'मॉर्निंग' नियतकालिकात शिमा कोसाकु हा नायक आणला. हात्सुशिबा नावाच्या विजेच्या उपकरणांच्या कंपनीत तो नुकता सेक्शन प्रमुख होतो आहे. हिरोकाने स्वतः मात्सुशिता इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करून आलेले, त्यामुळे बैठकीत कोण कुठे बसतो, कोणाचा गट कोणता, बदलीचा हुकूम कसा निघतो हे सगळं अचूक. शिमा कोणत्याही गटात शिरत नाही आणि तरी वर जातो. प्रत्यक्षात असं होत नाही, म्हणूनच तर नोकरदार ते ट्रेनमध्ये वाचत. त्याच्या बढत्या मालिकेच्या नावात दिसतात: 1992 मध्ये विभागप्रमुख, 2002 मध्ये संचालक, 2008 मध्ये अध्यक्ष, 2013 मध्ये चेअरमन, 2019 मध्ये सल्लागार, 2022 मध्ये दुसऱ्या कंपनीचा बाहेरचा संचालक.

हीच मालिका मागच्या चौकटींकडे बघत वाचा. ऐंशीच्या दशकात पैसा, बार, गोल्फ, अमेरिकेतली बदली. संचालक झाल्यावर तो शांघायला, कारण जपानी कंपन्यांचं भवितव्य तिकडे गेलं होतं. पुढे कंपनीला प्रतिस्पर्ध्याशी एकत्र यावं लागतं, नाव बदलावं लागतं. जपानच्या विद्युत उपकरण उद्योगाची पीछेहाट एका यशस्वी माणसाच्या चरित्रातून गुपचूप दिसत राहते. बायकांची पात्रं मात्र मला पहिल्यापासून खटकतात. त्या बहुतेक नायकाला ऐन वेळी मदत करायलाच जन्मलेल्या असतात. हेही त्या वाचकाचंच चित्र. 2024 मध्ये ओकिनावातल्या लष्करी तळाविरुद्धच्या आंदोलकांना पैसे मिळतात असा संवाद या मालिकेत आला, टीका झाली आणि कोदान्शाने दिलगिरी व्यक्त केली. पूर्वी जे पान नोकरदार वाचून दुमडून ठेवायचा, ते आता त्याच दिवशी सगळा देश वाचतो.

शिमाच्या शेजारी एक दुसरा नोकरदार ठेवते: शिनचॅनचा बाप. ही मालिका 1990 मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली. मुलांसाठी ती कधी नव्हतीच, म्हणून त्यातला चावटपणा आपल्याकडे इतका टोचला की 2008 मध्ये तिच्यावर बंदी आली आणि नंतर काटछाट करून ती परतली. बाप हिरोशी 35 वर्षांचा, कनिष्ठ अधिकारी, पायांना वास, टोकियोबाहेर कासुकाबेला घर, त्यावर अजून 32 वर्षांचं कर्ज. 1990 च्या वाचकाला हा हसण्याचा विषय होता. आता जपानी इंटरनेटवर लोक गंभीरपणे लिहितात की पस्तिशीत कायम नोकरी, स्वतःचं घर, गाडी, घर सांभाळणारी बायको, दोन मुलं आणि कुत्रा, म्हणजे हिरोशी तर जिंकलेला माणूस! चित्रात एक रेघ बदललेली नाही. वाचक बदलला.

आणि नव्या शतकातला नोकरदार नायक? 'दॅट टाइम आय गॉट रीइनकार्नेटेड ॲज अ स्लाइम' सगळ्यांना माहीत असेल. आधी वेबवरची कादंबरी, 2015 पासून मांगा. नायक 37 वर्षांचा, मोठ्या बांधकाम कंपनीत नोकरीला, लग्न झालेलं नाही. पहिल्याच प्रकरणात भोसकला जातो, मरतो आणि दुसऱ्या जगात स्लाइम म्हणून, म्हणजे जेलीसारखा लिबलिबीत प्राणी म्हणून, जन्मतो. या 'दुसऱ्या जगा'च्या लाटेतले कितीतरी नायक असेच, कामाने पिचलेले, आधी मरणारे. विद्यार्थी याला पलायनवाद म्हणून मोकळे होतात. मला त्यात कचेरीच दिसते. स्लाइम झालेला हा माणूस दुसऱ्या जगात जाऊन करतो काय? वस्ती वसवतो, रस्ते बांधतो, सगळ्यांचं ऐकून घेतो, कामं वाटून देतो, भांडणाऱ्या जमातींना एका टेबलाशी बसवतो. चांगला साहेब होतो. 1983 च्या नायकाला हे स्वप्न कंपनीच्या आत बघता येत होतं. 2015 च्या नायकाला आधी मरावं लागतं. जादा कामाच्या तासांवर दंडासह मर्यादा घालणारा कायदा जपानने 2018 मध्ये केला, 2019 पासून लागू. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

बायकांच्या बाजूने हाच धागा वेगळा जातो. साठच्या दशकापर्यंत मुलींचे मांगा बरेचसे पुरुषच काढत. सत्तरच्या दशकात युद्धानंतर जन्मलेल्या बायकांनी ते हातात घेतलं. इकेदा रियोको यांच्या 1972 च्या 'बेर्साइयु नो बारा'मध्ये पार्श्वभूमी फ्रेंच राज्यक्रांतीची. पण वाचणाऱ्या मुलींनी तिच्यातल्या ओस्कार या नायिकेत काय पाहिलं? पुरुषांच्या तुकडीला हुकूम देणारी, आपलं काम आणि आपली निष्ठा स्वतः ठरवणारी बाई. नोकरीत समान संधीचा कायदा यायला 1985 उजाडलं. इथे मांगा समाजाच्या पुढे होता, आणि ते सोपं होतं, कारण गोष्ट व्हर्सायची होती. टोकियोच्या कचेरीतली अशी बाई काढायला बराच वेळ लागला. 2012 च्या उमिनो त्सुनामी यांच्या 'निगेरु वा हाजी दा गा याकु नि तात्सु'मध्ये उच्चशिक्षित मुलीची कंत्राटी नोकरी जाते. ती एका अविवाहित इंजिनिअरच्या घरी पगारी घरकाम करते, मग दोघं कागदावर लग्न करतात आणि पगार चालूच राहतो. गंमत सुरू होते ती प्रेम जमल्यावर. आता लग्न खरं झालं, तर मग घरकाम फुकट का, असं ती विचारते. शिनचॅनच्या आईने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

साझाएच्या घराचं काय झालं, तेही बघायला मिळतं. वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीचा विमा 2000 मध्ये सुरू झाला आणि तीनच वर्षांत कुसाका रिकी यांची 'हेरुपुमान!' आली, वृद्धांची देखभाल करणाऱ्या तरुणाची गोष्ट. 2016 च्या ओझावा युकी यांच्या 'सांजु मारिको'ची नायिका 80 वर्षांची लेखिका. घरात चार पिढ्या, आणि घर नव्याने बांधायच्या चर्चेत आपल्याला जागाच नाही हे तिच्या कानावर पडतं. ती बाहेर पडते आणि राहते कुठे, तर इंटरनेट कॅफेत, जिथे बेघर झालेले कंत्राटी तरुण रात्र काढतात. नामिहेईच्या वाड्यापासून इथवर सत्तर वर्षं.

कुठून सुरुवात करावी, याचं माझं उत्तर योशिनागा फुमी यांची 'किनो नानी ताबेता?' असं आहे. 2007 पासून चालू आहे, इंग्रजीतही मिळते. वकील शिरो आणि केशकर्तनकार केनजी हे जोडपं एकत्र राहतं आणि प्रत्येक प्रकरणात शिरो संध्याकाळचं जेवण करतो. त्यांची वयं वाचकाबरोबर वाढतात. शिरो सुरुवातीला 43 चा आहे आणि नात्याबद्दल कचेरीत अवाक्षर काढत नाही. 2015 मध्ये टोकियोच्या शिबुया वॉर्डने समलिंगी जोडप्यांना प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. देशभरासाठी लग्नाचा कायदा अजून नाही. या सगळ्यावर मालिका भाषण देत नाही. शिरो फक्त हळूहळू कमी घाबरायला लागतो आणि त्याचे म्हातारे आईवडील घर विकून ज्येष्ठांच्या निवासात जायचं ठरवतात. सोबत हिशेबही चालू असतो: दोघांच्या जेवणाला महिन्याला 25 हजार येन, कोणत्या दुकानात दूध स्वस्त, टोफू कुठे. पुढे तो आकडा त्याला वाढवावा लागतो.

पहिला खंड आणि हाती लागेल तो सर्वांत ताजा खंड एकदम घ्या. मधले सध्या सोडा. भाव, वयं, फोन, आणि दुकानदारासमोर शिरो केनजीची ओळख काय म्हणून करून देतो, एवढंच वहीत उतरवा. कथा नंतर वाचा.